गच्चीवरचा दुधी

बायको गेल्यावर मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, एकटे परेशान होऊ नका. माझ्याकडे या."

"मला इथे ग्वाल्हेरात जमेल," मी म्हटलं.

जमत काहीच नव्हतं. नोकरीत असताना पडाव भागातल्या ऑफिसातून घरी आलो की ताट वाढलेलं असायचं. आता दुपारी डबा यायचा, आणि त्यातली भाजी कुठली ते खाऊनही कळायचं नाही. म्हणून शिकायला लागलो. कणीक मळायला, दही लावायला. मग गच्चीवर एका टबात माती भरून दुधी लावला.

वेल जोरात चढला. पांढरी फुलं आली, त्यांच्यामागे बोटाएवढे दुधी दिसले आणि पिवळे पडून गळून गेले. दर वेळी तेच.

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला एक भाभीजी यायच्या, बँकेतून रिटायर झालेल्या. मला गळलेले दुधी हातात घेऊन उभं पाहून म्हणाल्या, "भाईसाहब, इतनी ऊपर मधुमक्खी कहाँ आएगी? शाम को फूल खुलें, तो नर फूल तोड़कर मादा फूल पर खुद ही लगा दीजिए."

त्या संध्याकाळी कोणी बघत नाही ना, हे पाहून मी फुलावर फूल टेकवलं. बायको असती तर पोट धरून हसली असती.

दोन दुधी धरले. पहिल्याची चण्याची डाळ घालून भाजी केली. मीठ बरोबर पडलंय का, हे विचारायला तोंड उघडलं, आणि मग स्वतःच चव बघून जेवलो. रात्री तीच भाजी, सकाळीही तीच.

दुसरा भाभीजींना ताजा तोडून द्यावा, म्हणून विचारायला त्यांच्या दारी गेलो. कुलूप होतं. खालच्या दुकानदाराने सांगितलं, त्या मुलाकडे भोपाळला राहायला गेल्या. मला कळलंही नव्हतं.

तो दुधी मी तोडलाच नाही. वेलावरच जून झाला, साल लाकडासारखी कडक झाली. बियाण्यासाठी असाच वाळू द्यायचा असतो, हे फोनवर बघून शिकलो.

मुलीला सांगितलं, तर ती खूश झाली. "बाबा, तुम्ही तर एकदम एक्सपर्ट! आता तुम्हाला कोणाची जरूरतच नाही."

"हो ना," मी म्हटलं.

तिला मीटिंग होती. तिने फोन ठेवला, आणि मी पाणी घालायला वर गेलो.