कानस माझ्या हातात होती

ही गोष्ट सांगायची मी पंचवीस वर्षं टाळली. कोणी विचारलं की विषय बदलायचो. हल्ली कोणी विचारतही नाही, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकात माझ्याकडे झाडं कापायची, पेट्रोलवर चालणारी तीन मशिनं होती. मी साखर कारखान्यात फिटर. बंद पडलेली मशिनं घेऊन दुरुस्त करायचा छंद होता. छंद कसला, ताप होता. एकाची कापायची दातेरी साखळी दुसऱ्याला बसायची नाही. प्लग संगमनेरला मिळायचा, बाकी प्रत्येक वस्तूसाठी पुण्याला चिठ्ठी. महिन्याने पार्सल यायचं, फोडावं तर साखळी दोन कड्यांनी लांब. तीन मशिनं असून बांधावरची एक बाभूळ तोडायला एकही चालू नाही, असे कितीतरी रविवार मशीन सुरू करायची दोरी ओढण्यात आणि घरच्यांवर खेकसण्यात गेले.

मशीन चालवायला शेजारचे मामा यायचे. नात्याचे नव्हेत, साऱ्या गावाचेच मामा. उभा जन्म करवतीवर गेलेला. झाड कुठे पडेल ते बुंध्याला हात लावून सांगायचे. आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं.

बाभळीने साखळीचे दात बोथट झाले. नवी साखळी येईना, म्हणून मी जुनीच घासायला घेतली. प्रत्येक दातापुढे एक लहानसा उंचवटा असतो. फिटरच्या नजरेला वर आलेलं काही खपत नाही. मला तो अडथळा वाटला, आणि मी सगळे उंचवटे कानशीने उडवले. साखळी अधाशासारखी कापू लागली. मी खूश.

मामा दुसऱ्याच झाडाला थांबले. "फिटर, हे लई उधळतंय. लाकडात शिरायच्या आदी अंगावर येतंय."

"तुम्हाला करवतीची सवय, मामा. हाताला अजून मशीन कळलं नाही."

"हाताला कळलंय. मशीनलाच मी कळलो न्हाई," म्हणत ते हसले आणि पुन्हा दोरी ओढली.

पुढच्याच फांदीला मशीन उसळलं आणि त्यांच्या डाव्या दंडावर आलं. टाके पडले, हात वाचला, पण त्यातला जोर परत आला नाही.

भेटेल त्याला मी सांगत सुटलो, मामांची पकड सुटली, वय झालं. लोकांनी मानलं. निदान झाड कसं पाडायचं ते सांगायला तरी बोलावतील, अशी मामांना आशा होती. तेही कोणी बोलावलं नाही.

दोन महिन्यांनी मशीन पुण्याला नेलं, तिथल्या मेकॅनिकने ती साखळी बोटांवरून फिरवली. "हे कोणी केलं? दातांपुढच्या उंचवट्यांमुळे दात बेताचा चावतो. ते नसले की मशीन झटका देणारच."

"घेतली तेव्हाच अशी होती," मी म्हणालो.

साखळी भंगारात टाकली. गावभर पसरवलेलं मात्र मागे घेतलं नाही.

एकदा सांगायचं ठरवून त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. त्यांनी उजव्या हाताने चहा पुढे केला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मनाला लावून घिऊ नका, फिटर. सगळे म्हंत्यात तसंच आसंल. पकड ढिली पडली माजी."

माझंच खोटं ते स्वतःबद्दल खरं मानू लागले होते. मी कप खाली ठेवला आणि कांद्याच्या रोपांबद्दल काहीतरी विचारलं. ते रोपांबद्दल बोलत राहिले, मी मान डोलावत राहिलो.

मामा आता नाहीत. पकड तुमची पक्की होती, साखळी मी बिघडवली, मला माफ करा, एवढं त्या ओसरीवर बसून म्हणायचं राहून गेलं.