वन्संचं घर कुठल्या शहरात धरायचं

आमच्या ह्यांना कुणी सहज विचारलं, "तुमच्या शहराची लोकसंख्या किती हो?" तर उत्तर मिळेपर्यंत चहा निवून जातो. "कुणाच्या पद्धतीनं?" हा ह्यांचा पहिला प्रश्न. पाहुणा बिचारा माझ्याकडे बघतो. मी म्हणते, "विचारलंत ना? भोगा आता."

हे नकाशे छापणाऱ्या कंपनीत होते. शाळेच्या भिंतीवर टांगतात ना, तसले तक्ते. त्यातला 'जगातली मोठी शहरं' हा तक्ता ह्यांच्या गळ्यात पडला, आणि त्यानं माझं डोकं खाल्लं. कारण काय, तर प्रत्येक देशाची मोजायची तऱ्हा वेगळी. फ्रान्समध्ये म्हणे घराला लागून घर हवं. मध्ये दोनशे मीटरपेक्षा जास्त मोकळी जागा आली की सलग वस्ती तिथं संपली. अमेरिकेत आजूबाजूची माणसं रोज कामाला कुठं जातात ते बघतात. चीनमध्ये तर एखाद्या शहराच्या हद्दीत शेतं आणि डोंगरसुद्धा येतात. "मग ह्या सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं तरी कसं?" हे जेवताना विचारायचे. मी म्हणायचे, "आधी भाजी वाढून घ्या." साहेबांना शहरामागे एकच आकडा हवा असायचा आणि हे प्रत्येक आकड्याखाली टीप घालायचे. शेवटी वर चार शहरं आणि खाली टिपाच टिपा. साहेबांनी कपाळाला हात लावला.

ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, शहराबाहेर लाकडाच्या वखारीपलीकडच्या वस्तीत राहतात. पुढे कपडे शिवायचं दुकान, मागे एक खोली. आई लवकर गेली, तेव्हा ह्याच शिवणकामावर त्यांनी ह्यांना वाढवलं, शिकवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं, पण कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आमच्याकडे आल्या तरी चहा अर्धाच घेणार.

मागच्या वर्षी वरच्या फळीवरचं कापड काढताना त्या स्टुलावरून पडल्या. मनगट मोडलं. शेजारीण पँटची चेन बदलून न्यायला आली म्हणून कळलं तरी. प्लास्टर निघालं, पण हातात पहिल्यासारखा जोर काही आला नाही. ह्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. "ताई, आमच्याकडे ये राहायला," हे दर खेपेला म्हणायचे आणि वन्संचं उत्तर ठरलेलं: "मी शहरातली नाही रे. मला नाही जमायचं तिकडे."

दुसरा कुणी असता तर भांडला असता, हातापाया पडला असता. आमचे हे लांब टेप घेऊन निघाले! रविवारी सकाळी मला शहरातल्या शेवटच्या इमारतीपाशी उभं केलं. "धर हे टोक." तिथून वन्संच्या वस्तीतल्या पहिल्या घरापर्यंत आम्ही दोघं उन्हातून टेप ओढत चाललो. वखारीचा राखणदार म्हणाला, "जमीन घेताय का?" मी म्हटलं, "नाही हो, नणंद नेतोय."

अंतर दोनशेच्या आत भरलं असतं, तर फ्रान्सच्या नियमानं वन्सं शहरातल्याच ठरल्या असत्या, म्हणजे मग नाही म्हणायची सोयच उरली नसती. पण अंतर भरलं जास्त. "वखार धरली तर?" ह्यांनी आशेनं विचारलं. "वखारीत राहतंय कोण?" मी म्हटलं. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. माझा मात्र पारा चढला. टेप दिली टाकून. "अहो, बहिणीला न्यायला मध्ये फ्रान्स कशाला हवा? काळजी वाटते, एवढं सरळ सांगता येत नाही?"

तसेच धुळीच्या पायांनी दुकानात गेलो. ह्यांनी तरी अमेरिका काढलीच. "ताई, तुमच्यातले निम्मे लोक रोज शहरात कामाला जातात, म्हणजे ही वस्ती शहराचीच."

"मी जाते का?" वन्सं म्हणाल्या. "माझं काम इथं आहे. तुझ्याकडे येऊन करू काय दिवसभर? हिच्या स्वयंपाकघरात लुडबुड?"

मग ह्यांनी अमेरिका सोडली. "तू पडलीस तेव्हा मी ऑफिसात रेघा ओढत बसलो होतो गं. मला भीती वाटते, ताई."

वन्संनी मशिनच्या चाकावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "कात्री धरवत नाही रे मला. पण दुकान बंद केलं, तर माझं राहिलं काय?"

पुढच्या महिन्यात हे निवृत्त झाले. आता दोघं निवांत बसू, जरा फिरू, असे मनात मांडे खात होते मी. पहिल्याच सोमवारी हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "कुठं निघालात?" "कामाला," म्हणाले, आणि उलट्या दिशेची बस पकडून वन्संच्या दुकानात गेले. वन्संनी खडूनं आखायचं, ह्यांनी कापायचं. पहिल्याच पँटचा एक पाय आखूड झाला. गिऱ्हाईक भला माणूस, अर्धी करून घेऊन गेला.

मी आठवडाभर फुगून होते. मग म्हटलं, बघू तरी काय दिवे लावतायत, आणि न सांगता गेले. दोघं कापडावर वाकून भांडत होती. "रेघेवरून काप रे, गाढवा!" "रेघच वाकडी आहे तुझी!" साठीच्या माणसाला कुणी गाढव म्हणावं आणि त्यानं इतकं खूश व्हावं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. माझा राग कुठल्या कुठं पळाला.

संध्याकाळी दुकान आवरलं. ह्यांनी पिशवी उचलली. वन्सं मशीन पुसत होत्या. मान वर न करता, अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "उद्या येशील ना रे?"

ह्या बाईनं जन्मात कुणाकडे घोटभर पाणी मागितलं नव्हतं. ह्यांनी उचललेली पिशवी परत खाली ठेवली. मीच म्हटलं, "येतील, वन्सं. न येऊन जातात कुठं!"