पाकिटावरचा पत्ता

वडिलांच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटवरून तिथे राहणारा धाकटा भाऊ दावा लावणार, असं कानावर आलं, म्हणून मी कॅव्हेट टाकायला गेलो. कोर्टासमोर बसणाऱ्या एक टायपिस्टबाई प्रत्येक कागद सहीआधी मोठ्यानं वाचून दाखवत. मी घाई केली, तर म्हणाल्या, "अहो, न वाचता सही करायला ही बँक नाही."

"कॅव्हेट म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं.

"कोर्टाला आधीच सावध करायचं, की माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. एवढंच."

कॅव्हेटची नोटीस भावाला टपालानं जाणार होती. बाकी सगळं त्या टाईप करत. पाकिटावरचा पत्ता मात्र पक्षकारानं स्वतःच्या हातानं लिहायचा, हा त्यांचा नियम. मी भावाचं नाव लिहिलं आणि हात थांबला.

बाई पदरानं चष्मा पुसत होत्या. "तुम्ही त्यांचं ऐकून घेतलंत का?"

"नाही."

"मग आधी जाऊन या. निम्मे लोक पत्ता लिहितानाच परत फिरतात. माझा धंदा त्यानं बुडालेला नाही."

भावानं दार उघडलं, तेव्हा मी म्हणालो, "आधी तू बोल."

ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे, बिनतिकिटाचं.