फीमाफीचा फॉर्म आणि आतली मंडळी

किस्से काही कोणी जमवायला जात नाही. ते भांड्यांच्या कपाटातल्या झाकणांसारखे साठतात. एक काढायला जावं तर दहा अंगावर! त्यातून आमचं टेबल न्यू जर्सीतल्या कोर्टाचं, कैद्यांच्या अर्जांचं. नागपूरची लॉ डिग्री घेऊन मी तिथे क्लार्क.

तुरुंगातल्या साहेबावर केस करायची, पण पैसे नाहीत, तर कैद्यानं फीमाफीचा फॉर्म भरायचा. सोबत त्याच्या तुरुंगातल्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आणि त्यावर तिथल्या अधिकाऱ्याची सही. सही नसली की आमची सुपरवायझर डोलोरेस फॉर्म परत पाठवणार. वीस वर्षांत तिनं कुणाला सवलत दिलेली नाही, स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा!

*

२००६ साली केस दाखल करायची फी झाली साडेतीनशे डॉलर. आयसेलिन गावात एका पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं आपापला पदार्थ आणायच्या जेवणात, जोशीकाकांनी मला गाठलं.

"माफ म्हणजे पूर्ण माफ ना?"

"नाही काका. माफ म्हणजे हप्त्यानं. खात्यात पैसे आले की त्यातून कापतात."

"व्याज?"

"नाही."

काकांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळूच, "आमच्या रियाच्या कॉलेजला चालेल का गं हा फॉर्म?"

"चालेल की. आधी तिला आत जावं लागेल!"

सोफ्यावरून रिया ओरडली, "डॅड, आय कॅन हिअर यू!"

*

फॉर्मवर मालमत्तेचा रकाना असतो. एकानं तो मनापासून भरला होता: "एक रेडिओ, मागचं झाकण नाही. नूडल्सची सतरा पाकिटं, त्यातली पाच लोकांकडे उधार."

खाली 'हातातली रोकड'. तिथे लिहिलेलं, "मॅडम, इथे हातात रोकड सापडली तर आणखी एक केस होईल!"

डोलोरेसनं "शून्य लिहा" अशी चिठ्ठी लावून फॉर्म परत पाठवला.

*

तीन केसेस फालतू ठरल्या की पुढे अख्खी फी आधी मोजायची. सूट फक्त गंभीर इजेचा धोका डोक्यावर असेल तर. एका बहाद्दरानं लिहिलं, "माझा सेलमेट दिवसभर गातो. लवकरच गंभीर इजा होणार आहे. मला नाही, त्याला!"

अर्ज फेटाळला गेला. पण तो वाचताना डोलोरेस हसली, हे मी स्वतः पाहिलंय.

*

वॉल्टर नावाच्या एका कैद्याची दाढ सुजली होती. डेंटिस्टकडे जायचा पास एक साहेब देईना, म्हणून वॉल्टरनं त्याच्यावरच केस ठोकली. फीमाफीचा फॉर्म आला, सही नाही. का? तर तोच साहेब मधल्या काळात बदली होऊन कैद्यांच्या खात्यांच्या टेबलावर आला होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

नियम म्हणजे नियम. फॉर्म परत गेला. महिन्याभरानं तसाच आला, पुन्हा परत गेला. दुसऱ्यांदा पाकीट चिकटवताना मला स्वतःची लाज वाटली, खोटं कशाला सांगू! आता शेवटचे तीस दिवस, नाहीतर केस बंद.

तिसऱ्या खेपेला पाकीट जरा फुगलेलं. फॉर्मवर सहीच्या जागी टेपनं चिकटवलेली एक दाढ. खाली पेन्सिलीनं, "साहेब सही देत नाहीत. दाढ मीच उपटली. कृपया केस चालू ठेवा."

डोलोरेसनं चष्मा लावला. दाढेला धक्का न लावता फॉर्मवर पोचल्याचा शिक्का मारला. मग तुरुंगात फोन करून त्याच साहेबाला लाइनवर मागितलं.

"सर, कैद्याची दाढ इकडे पोचली. तुमची सही कधी पोचतेय?"