गोल होईपर्यंत आत थांब

आमच्या घरात अंधश्रद्धेला थारा नाही. वडिलांनी पाढ्यांच्या आधी बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या. मांजर आडवं गेलं की आम्ही मुद्दाम पुढे जायचो. अशा घरातली मी जर्मनीत ब्राउनश्वाइगमध्ये इंजिनांच्या चाचण्या घेते आणि पुराव्याशिवाय कशावर सही करत नाही. त्या वसंतात मी सख्ख्या आईला स्वयंपाकघरात बसवून ठेवलं, कारण इंग्लंडमधला बायकांचा एक फुटबॉल संघ बुडत होता.

संघ माझ्या लेकीचा. म्हणजे तिची लाडकी गोलकीपर जर्मनी सोडून त्या संघात गेली आणि पाठोपाठ लेकीची निष्ठाही गेली. शेजारच्या गावात चांगला जिंकणारा संघ असताना हिनं समुद्रापलीकडचा, तळ गाठलेला धरला. शेवटचा नंबर आला असता तर तो खालच्या लीगमध्ये जाणार होता.

आई नागपूरहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती ती नातीसाठी. नातीला आजीचं मराठी समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. आईनं तोडगा काढला, रविवारी सामना बघायला नातीशेजारी बसायचं. "बोलणार नाही, पण बसू तर देईल," ती म्हणाली.

पहिल्याच रविवारी आई चहा टाकायला उठली आणि आमच्या संघाचा गोल झाला. पुढच्या रविवारी कुकर बंद करायला गेली, पुन्हा गोल. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला यातून एकच निष्कर्ष काढता येतो. वनडेत जोडी जमली की आमचं अख्खं घर, प्रतिज्ञांसकट, बसल्या जागेवरून हलायचं नाही.

"आई, तू आतच थांब," मी म्हटलं. लेकीला कारण समजावलं तेव्हा ती "गेनाऊ!" म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. आमच्याकडच्या चालीरीतींतलं तिला पटलेलं हे पहिलंच.

मग उरलेला मोसम असाच गेला. बाहेर बावीस बायका मैदान गाजवतायत, मी लेकीला बायकांच्या समान पगारावर भाषण देतेय, आणि आत माझी आई लसूण सोलतेय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बरं, संघ तरी धड जिंकत होता का? अधूनमधून. हरला की आम्ही आईलाच विचारायचो, "मध्ये दारात आली होतीस का?"

शेवटचा सामना आईच्या विमानाच्या आदल्या दिवशी होता. तो जिंकलाच पाहिजे होता. मध्यंतराला बरोबरी. आई हात पुसत बाहेर आली आणि सरळ नातीशेजारी सोफ्यावर बसली.

"ओमा, नाइन!" लेक किंचाळली. आजी, नको, एवढाच अर्थ.

"आई, थोडाच वेळ गं," मी म्हटलं.

"एवढ्या मुली जीव तोडून पळतात आणि निकाल माझ्या लसणावर?" आई म्हणाली. "तुझे वडील असते तर तुलाच घराबाहेर काढलं असतं. मी नातीजवळ बसायला आले होते. उद्या जातेय."

मला लाज वाटली. ती पुरती वाटून व्हायच्या आत समोरच्यांनी गोल केला, आणि मग मला आईचा खरोखर राग आला.

संघ हरला, लीगमधून गेला. तिकडे गोलकीपर गवतावर बसून रडली, इकडे लेकीनं आजीच्या मांडीत तोंड खुपसलं. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"आता ह्या कुठं खेळणार?" तिनं विचारलं.

"खालच्या लीगमध्ये," मी म्हटलं.

"मग तिथं बघू."

तेव्हापासून आई नागपूरहून व्हिडिओ कॉलवर आमच्यासोबत सामने बघते. फोन सोफ्यावर, तिच्या जागी, उशीला टेकवून ठेवलेला असतो. उशी लेक स्वतः लावते. परवा मी चहा टाकायला आत गेले आणि बाहेर एकच आरडाओरडा झाला. गोल! कप घेऊन धावत दारात आले, तर फोनमधून आई आणि सोफ्यावरून लेक एकदमच ओरडल्या, दोघीही अस्सल नागपुरीत:

"आत जा ना वं!"