कॅम्प-१ मधला भारी डबा का चालत नव्हता

नागपूरहून भिलाईला हौसेनं कोण जातं? मी गेले, आणि तेही एका व्हिडिओ गेमच्या डब्यासाठी. नव्वदच्या दशकातली दिवाळीची सुट्टी, भिलाई अजून मध्य प्रदेशात, आणि मी कॉलेजातली, घरच्यांच्या मते अतिशहाणी मुलगी.

झालं असं, की माझ्या मावसभावानं, सुधीरदादानं, भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीत गेमचं दुकान टाकलं होतं. एक टीव्ही, एक सतरंजी आणि परदेशातून एका नातेवाइकाकरवी आणवलेला काळाभोर नवा डबा. समोरच्या दुकानात मात्र तोच स्वस्तातला लाल-पांढरा, जो कुठल्याही बाजारात मिळायचा. चित्र दादाकडे झकास, आवाज दादाकडे झकास, आणि गर्दी सगळी समोर. काकांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, निकाल देऊन टाकला होता: सुट्टी संपेपर्यंत दुकान चाललं नाही, तर दुर्गजवळच्या रसमड्याच्या कारखान्यात लागायचं, तिथं बोलणं झालंय. दादाचा जीव त्या दुकानात अडकलेला. मी आईला म्हटलं, मी जाते आणि कारण शोधून येते. आई म्हणाली, जा बाई, इथे तरी शांतता राहील.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची गाडी धरा. गोंदियाला गरम समोसे घ्या, पुढे जंगल सुरू झालं की खिडकी सोडू नका. डोंगरगडला देवीसाठी अर्धा डबा उतरतो, मग ऐसपैस पाय पसरता येतात. दुर्गला उतरून भिलाईतल्या पावर हाउस भागापर्यंत शेअर ऑटो मिळतो. भाडं इतकं कमी की घासाघीस करायची लाज वाटावी. मी तरीही केली. ऑटोवाला पाव सीटवर अख्खा माणूस बसवतो, तेव्हा पिशवी मांडीवरच ठेवा.

पावर हाउसच्या स्टेशनबाहेर दादा उभा होता. नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला, घराकडच्या दुसऱ्या ऑटोतच आमचं सुरू झालं.

"कॅसेट कमी पडून राहिल्या असतील तुझ्या," मी म्हटलं.

"मुद्दाम मागवल्या ना बे. समोरच्याच्या कॅसेटमध्ये तर एकच गेम वेगवेगळ्या नावानं भरला आहे."

"मग महाग असेल."

"भाव सारखाच ठेवला. कावून येत नाहीत, तेच तर मले समजून नाही राहिलं."

घरी मावशीनं गरम चिले, म्हणजे तांदळाची धिरडी, आणि टमाटरची चटणी वाढली आणि तीही वादात पडली. तिच्या मते काळा रंगच अशुभ. काका स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्सचे फिटर. ते म्हणाले, "मशीन चांगली आहे. लोकायलेच अक्कल नाही."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात ठाण मांडलं. पोरं यायची, दोघं-दोघं, खांद्यावर हात टाकून. एक खेळायला बसायचा, दुसरा भिंतीला टेकून जांभया द्यायचा. थोड्या वेळानं दुसरा म्हणायचा, "चल ना यार, उधर चलते हैं," की दोघंही पसार. समोर नियम ठरलेला होता: दोघांनी खेळायचं, हरेल तो उठेल, पुढचा बसेल. आरडाओरडा असा की रस्त्यावरची माणसं डोकावायची. माझ्या डोक्यात मात्र अजून रंग, आवाज आणि कॅसेटच फिरत होत्या. हुशारी काही वेळा अशी डोळ्यांवर येते.

संध्याकाळी मावशीनं चादर काढायला कपाट उघडलं. साड्यांच्या मागे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, दोरीनं बांधलेला, गेम खेळायचा दुसरा रिमोट, दुकानातल्या एकुलत्या एक रिमोटचा जोडीदार.

"हा इथे काय करून राहिला?" मी विचारलं.

"तो स्टँडबाय आहे," दादा इतक्या सहज बोलला, जणू मी देवघरातल्या देवाबद्दल विचारलं. "पह्यला खराब झाला तर? भिलाईत काय, रायपुरातही मिळत नाही. बाबांनी ठेवाले सांगितलं."

मला हसू आवरेना. अख्ख्या घराला माहीत होतं, म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. फिटरच्या घरात एक चालू आणि एक राखीव, हे इतकं ठरलेलं की त्याची चर्चा होत नाही. काका ड्यूटीवरून आले, तशी मी चहाही पिऊ दिला नाही.

"काका, प्लांटमधला स्टँडबाय पंप तुम्ही कधीच चालवत नाही का?"

"चालवतो ना. मधून मधून चालवाच लागते, नाहीतर जाम होते..." काका थांबले. माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. मग उठून स्वतःच दोरी सोडली. "चाल रे सुधीर, टेस्टिंग घेऊ."

ड्यूटीच्या कपड्यांतच काका दुकानातल्या सतरंजीवर मांडी घालून बसले. पडद्यावर बापलेकांची कुस्ती लागली. काका बटण दाबताना अख्खे वाकायचे, "अरे हाण, हाण" म्हणत स्वतःच मार खायचे. समोरची पोरं एकेक करून आमच्या दारात जमली. काका हरले.

"अंकल, हार गए, उठो अब," एक पोरगा म्हणाला.

"टेस्टिंग झाली नाही अजून," काका म्हणाले आणि हललेच नाहीत. पोरं खिदळत होती, मावशी दारात पदर तोंडाला लावून हसत होती, मी हसून हसून भिंतीला टेकले. शेवटी दोन पोरांनी धरून काकांना उठवलं.

परतीच्या गाडीत मी एकटीच हसत होते. समोरच्या बाईंनी मुलाला जवळ ओढून घेतलं. भिलाईत बघायला काय आहे, असं मला कोणी विचारलं तर मला सतरंजीवरचे काकाच आठवतात. पण तेव्हा धाकधूक होतीच. दोन-चार दिवसांची गर्दी पाहून काका मानतील का? जाताना विचारलं, तर नुसते "पाहू" म्हणाले होते.

सुट्टी संपली आणि शेजाऱ्यांकडे मावशीचा फोन आला. रसमड्याचा माणूस घरी येऊन गेला म्हणे, पोराला कधी पाठवता विचारायला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सुधीर होता दुकानात. तुह्ये काका त्याले म्हणे, पोरगा कामावर गेला आहे."

आनंदानं मी शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या सासूबाईंच्या देखत, खुर्चीत बसून ढसाढसा रडले.