बारावा माणूस

रोह्याच्या चर्चमध्ये मी पाहुणा म्हणून एकदाच गेलो, तो पाय धुण्याच्या विधीला. येशूने शिष्यांचे धुतले, तसे फादर बारा जणांचे पाय धुणार होते. बारावा आलाच नाही, म्हणून त्यांनी लादी पुसणाऱ्यालाच बाकावर बसवलं. पाय बाकाखाली ओढून तो असा अवघडला, की बोहल्यावरचा नवरदेव बरा.

"मी अख्ख्या रोह्याचे पाय धुतो, फादर, पन माझे नको!"

गुडघे टेकलेले फादर कळवळले, "अरे, माझे गुडघे गेले, दे लवकर!"

तसं त्यानं घाईघाईनं पाय पुढे केले. धुऊन होताच तो उठला आणि सांडलेलं पाणी पुसू लागला. पुसलेल्या लादीवर त्याच्याच ओल्या पावलांचे ठसे उमटत होते.

"बघा फादर," तो करवादला, "म्हनून नको म्हनत होतो. वाढलं ना काम?"